एकवीस किलोमीटरची शर्यत आणि नवखा धावपटू

अर्धमॅरेथॉन ही २१.०९७५ किलोमीटर अंतराची, मुख्यतः डांबरी रस्त्यावर होणारी शर्यत आहे. धावणाऱ्यांच्या बोलण्यात ती ‘हाफ’ किंवा नुसती ‘एकवीस’ असते. अंतर मॅरेथॉनच्या बरोबर निम्मे असले तरी तिची घडण वेगळी आहे. मॅरेथॉन ऑलिंपिकसाठी, मोजक्या कसलेल्या धावपटूंसाठी जन्माला आली. अर्धमॅरेथॉनला ऑलिंपिकमध्ये अजून जागा मिळालेली नाही. ती वाढली हौशी धावणाऱ्यांच्या संख्येवर, आणि त्यातही आयुष्यात पहिल्यांदाच एवढे अंतर धावायला आलेल्यांवर. आजच्या शर्यतीतली बरीचशी व्यवस्था या नवख्याला डोळ्यांपुढे ठेवून उभी राहिली आहे. महाराष्ट्रात त्याला रस्त्यावर जागा मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

अंतराच्या विचित्र आकड्यामागे लंडनचा एक राजवाडा आहे. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले, तेव्हा मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताच्या सूचनेवरून मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत सुमारे ४० किलोमीटरची शर्यत ठेवण्यात आली. पाणी वाहून विकणारा स्पिरिडॉन लुईस हा ग्रीक तरुण ती जिंकला. मॅरेथॉनच्या लढाईतल्या विजयाची वार्ता सांगून प्राण सोडणाऱ्या दूताची जी कथा या शर्यतीमागे सांगितली जाते, ती ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या ग्रंथात नाही. त्याचा फिडिपिडिस मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला धावत जातो. मॅरेथॉन ते अथेन्स ही धाव कित्येक शतकांनंतरच्या लेखकांनी लिहिली. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर राजवाड्यापासून सुरू होऊन स्टेडियममधल्या राजघराण्याच्या सज्ज्यासमोर संपली आणि अंतर भरले २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. १९२१ मध्ये हाच आकडा अधिकृत ठरला. त्याला दोनाने भागले की अर्धमॅरेथॉन मिळते.

महाराष्ट्रात लांब पल्ल्याचे पायी अंतर काटणे हे खेळाआधी पोटापाण्याचे काम होते. मराठेशाहीत जासूद आणि काशीद पत्रे घेऊन मजल दरमजल करत. इंग्रजी अमलात टपालाच्या थैल्या डाकवाले हरकारे पळवत नेत. त्यात मौज म्हणून धावणारा कोणी नव्हता. खेळ म्हणून लांब पल्ल्याच्या धावण्याची ठळक नोंद सापडते ती पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर. १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले अध्यक्ष दोराबजी टाटा होते. १९१९ च्या सुमारास तेथे भरलेल्या मैदानी स्पर्धांत त्यांनी खेड्यापाड्यांतून आलेले शेतकरी धावपटू पाहिले. बहुतेक जण अनवाणी होते, धावण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण कोणालाच नव्हते, तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जात होत्या. हे पाहून टाटांनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या मदतीने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्याची खटपट केली.

त्या चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे मॅरेथॉनचे धावपटू होते. अँटवर्पची शर्यत नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुले यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळवला; दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. भारताच्या मॅरेथॉनचा इतिहास या दोन नावांपासून सुरू होतो. त्या काळी शर्यतीला उतरणारा माणूस क्रमांकासाठीच उतरे. मागे पडला की बाजूला होई, आणि त्याची वेळ टिपायला कोणी थांबत नसे.

पुढची साठ वर्षे हीच रीत राहिली. लांब पल्ल्याचे धावणे लष्कर, पोलीस आणि रेल्वेच्या संघांत रुजले. लष्कराच्या शिवनाथ सिंग यांनी १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये अकरावा क्रमांक मिळवला. १९७८ मध्ये जालंधरला त्यांनी नोंदवलेली २ तास १२ मिनिटांची वेळ चार दशकांहून अधिक काळ राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली. सामान्य नोकरदार मात्र पहाटे फिरायला जाई. भर रस्त्यावर अर्धी चड्डी घालून पळणारा प्रौढ माणूस दिसला, तर तो भरतीची तयारी करतोय किंवा त्याची बस सुटतेय, असाच लोकांचा समज होई.

हौशी धावण्याची लाट आली पश्चिमेकडून. १९७० साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पहिली न्यूयॉर्क सिटी मॅरेथॉन झाली, तेव्हा १२७ जण धावायला उभे राहिले आणि त्यांतल्या ५५ जणांनी अंतर पुरे केले. दहा वर्षांत हीच शर्यत हजारोंची झाली. इंग्लंडमध्ये १९८१ साली ऑलिंपिक पदकविजेते ब्रेंडन फॉस्टर यांच्या पुढाकाराने न्यूकॅसल येथे ग्रेट नॉर्थ रन सुरू झाली. पहिल्याच वर्षी सुमारे बारा हजार लोक धावले, आणि अंतर होते अर्धमॅरेथॉनचे. पूर्ण मॅरेथॉनसाठी कित्येक महिन्यांची तयारी लागते आणि शेवटचे दहा-बारा किलोमीटर अंगातली ताकद संपल्यावर धावावे लागतात. अर्ध्या अंतरात तशी वेळ सहसा येत नाही, आणि नोकरी-संसार सांभाळून तीन-चार महिन्यांत त्याची तयारी होऊ शकते. जागतिक अर्धमॅरेथॉन अजिंक्यपद स्पर्धा १९९२ मध्ये याच न्यूकॅसलच्या मार्गावर सुरू झाली. रस्त्यावरच्या शर्यतींचे जागतिक विक्रम तर २००४ पासून अधिकृतपणे नोंदले जाऊ लागले. म्हणजे सामान्य लोक आधी धावले आणि विक्रमाची वही मागून आली.

महाराष्ट्रात या लाटेची पहिली मोठी खूण म्हणजे १९८३ साली सुरू झालेली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन. सुरेश कलमाडी यांचे नाव तिच्याशी सुरुवातीपासून जोडलेले आहे. परदेशी धावपटू पुण्याच्या रस्त्यांवरून पळताना पाहण्यासाठी लोक डिसेंबरच्या थंडीत कानटोप्या घालून चौकाचौकात उभे राहत. शाळांची मुले आणि महाविद्यालयांचे संघ लहान गटांत धावत. मोठ्या अंतराच्या गटांत मात्र लष्कराचे जवान आणि क्लबांचे धावपटूच दिसत. चाळिशीतला कारकून किंवा गृहिणी प्रेक्षकांत उभी असे. पुण्याने शहराला शर्यत पाहायला शिकवले, ते आणखी वीस वर्षांनी कामाला आले.

१५ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा धावली गेली. प्रोकॅम या संस्थेने ती भरवली. तिच्यात पूर्ण मॅरेथॉन होती, अर्धमॅरेथॉन होती, आणि सुमारे सहा किलोमीटरची ‘ड्रीम रन’ही होती. ड्रीम रनमध्ये वेळेची चिंता नव्हती. लोक वेशभूषा करून, फलक घेऊन, एखाद्या संस्थेसाठी देणगी गोळा करत चालत किंवा पळत. या गटाने एक मोठे काम केले. एकदा सहा किलोमीटर पार केलेला माणूस पुढच्या वर्षी एकवीसकडे पाहू लागला. दिल्लीची अर्धमॅरेथॉन २००५ मध्ये आली, वसई-विरारची शर्यत २०११ पासून सुरू झाली आणि हळूहळू जिल्ह्याच्या ठिकाणीही शर्यती भरू लागल्या. मुंबईत हौशी धावपटूंचे गट तयार झाले. मुंबई रोड रनर्सची दर महिन्याच्या पहिल्या रविवारची वांद्रे ते एनसीपीए ही धाव तर नवख्यांची शाळाच ठरली. शर्यतीचे शुल्क न भरता, ओळखीच्या माणसांबरोबर एकवीस किलोमीटर कसे असतात हे तिथे आधीच कळे.

नवख्याची तयारी साधारण बारा ते सोळा आठवड्यांची असते. आठवड्यात तीन-चार दिवस धावणे, एखादा दिवस व्यायामाचा आणि रविवारी ‘लाँग रन’ असा तिचा साचा ठरून गेला आहे. लाँग रनचे अंतर दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत सोळा-अठरा किलोमीटरपर्यंत नेतात. शेवटचे दोन आठवडे ते कमी करत आणतात, त्याला धावपटू ‘टेपर’ म्हणतात. सलग धावता न येणाऱ्यांसाठी धावणे आणि चालणे आलटून-पालटून करण्याची पद्धत जेफ गॅलोवे या अमेरिकी ऑलिंपिक धावपटूने १९७० च्या दशकापासून रूढ केली. काही मिनिटे पळायचे, एक मिनिट चालायचे. शर्यतीत चालणे ही त्याआधी हार समजली जाई. या पद्धतीने चालण्याला तयारीत जागा दिली. आपल्याकडच्या तयारीत उकाड्याचाही हिशेब धरावा लागतो. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि तोच वेग जड जातो. म्हणून सराव पहाटे पाचच्या आत सुरू होतो आणि सोबत लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, इलेक्ट्रॉल, केळे किंवा चिक्की असते. नुसते पाणी भरमसाट पिणेही धोक्याचे, कारण रक्तातले सोडियमचे प्रमाण घटते. तहान लागेल तसे पिण्याचा सल्ला आता सर्रास दिला जातो.

शर्यतीच्या यंत्रणेतही नवख्यामुळे बदल झाले. पहिला बदल वेळ मोजण्याचा. हजारो लोक एकाच रेषेमागे उभे राहिले की मागच्याला रेषेपर्यंत पोचायलाच दहा-पंधरा मिनिटे लागतात. १९९० च्या दशकात बुटाला बांधायची इलेक्ट्रॉनिक चिप आली. पुढे ती छातीवरच्या क्रमांकाच्या कागदामागेच चिकटवली जाऊ लागली. या कागदाला ‘बिब’ म्हणतात. रेषेवरच्या चटईवर पाय पडताच चिपची वेळ सुरू होते आणि शेवटच्या चटईवर ती बंद होते. बंदुकीच्या बारापासूनची वेळ विजेत्यांसाठी, आणि चटई ते चटई वेळ बाकी सगळ्यांसाठी, अशी विभागणी त्यातून झाली. शेवटच्या रांगेतल्या माणसाला त्याची स्वतःची खरी वेळ त्यामुळे पहिल्यांदा मिळाली.

दुसरी बाब अंतर मोजण्याची. १९७० च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅलन जोन्स यांनी सायकलच्या पुढच्या चाकाला लावायचे एक छोटे गणकयंत्र बनवले. आधी ठराविक अंतरावर सायकल चालवून चाकाचे फेरे आणि अंतर यांचे प्रमाण ठरवतात, मग प्रत्येक वळण आतल्या कडेने घेत, सर्वांत जवळच्या वाटेने मार्ग मोजतात. मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारी एक या प्रमाणात अंतर वाढवतात. अर्धमॅरेथॉनमध्ये ही वाढ सुमारे २१ मीटर होते. नवख्याच्या मनगटावरचे घड्याळ शेवटी एकवीसऐवजी साडेएकवीसच्या जवळ दाखवते, तेव्हा तो आयोजकांना दोष देतो. प्रत्यक्षात त्याने गर्दी चुकवत, वळणे बाहेरून घेत, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जात ते जादा अंतर स्वतःच कापलेले असते, आणि थोडी चूक घड्याळाच्या उपग्रही मापनाचीही असते.

तिसरी गोष्ट पेसरची. अमुक वेळेत शर्यत संपवून देणारा अनुभवी धावपटू पाठीवर झेंडा किंवा हातात फुगा घेऊन ठरलेल्या वेगाने धावतो आणि त्याच्यामागे जमलेल्या घोळक्याला ‘बस’ म्हणतात. दोन तास तीस मिनिटांच्या बसमध्ये बसलेल्या नवख्याला वेगाचा हिशेब करावा लागत नाही. तरी बहुतेक नवखे पहिल्या तीन किलोमीटरमध्ये ही बस मागे टाकतात आणि सोळाव्याच्या पुढे ती त्यांना गाठून निघून जाते. ताज्या पायांनी, गर्दीच्या भरात घेतलेला वेग ही पहिल्या शर्यतीतली सर्वांत नेहमीची चूक आहे.

मुंबईच्या शर्यतीची सकाळ मध्यरात्रीनंतर लगेच सुरू होते. मध्य आणि पश्चिम रेल्वे त्या दिवशी पहाटेच्या खास लोकल सोडतात. डब्यात चार सेफ्टी पिनांनी छातीवर बिब लावलेली माणसे बसलेली असतात. कोणी केळे सोलतो, कोणी बुटाची नाडी तिसऱ्यांदा सोडून बांधतो. सुरुवातीच्या जागी सर्वांत लांब रांग फिरत्या शौचालयासमोर असते. अलीकडच्या वर्षांत अर्धमॅरेथॉन माहीमच्या रेतीबंदर परिसरातून उजाडायच्या आत सुटते. समुद्रावरून जाणारा वांद्रे-वरळी सी लिंक २००९ मध्ये खुला झाला आणि पुढे तो मार्गात आला. एरवी या पुलावर पायी जाणाऱ्याला मज्जाव आहे. शर्यतीच्या पहाटे तिथे मोटारींचा आवाज नसतो, हजारो बुटांचा एकसारखा चटचट आवाज आणि खालून येणारा खारा वारा एवढेच असते. पुलाचा हलका चढ अंधारात कळत नाही, पायांना मात्र कळतो.

वरळी, हाजी अलीनंतर पेडर रोडचा चढ लागतो. अंतर निम्म्याहून अधिक झालेले असते आणि नवख्याची पहिली खरी परीक्षा इथे होते. दोन्ही बाजूंच्या इमारतींतले रहिवासी संत्र्याच्या फोडी, बिस्किटे, मीठ लावलेली काकडी घेऊन रस्त्यावर उतरलेले असतात. बिबवर नाव छापलेले असल्याने अनोळखी माणसे नावाने हाक मारतात. केम्प्स कॉर्नरचा उतार उतरला की चौपाटी आणि मग मरीन ड्राइव्ह. रस्ता सपाट असतो, पण वळत जाणाऱ्या किनाऱ्यामुळे शेवट दिसतो आणि जवळ येत नाही. तोवर ऊन चढलेले असते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ शेवटची चटई ओलांडली की गळ्यात पदक पडते. पहिल्या तिघांच्या बक्षिसांहून वेगळे असे हे ‘फिनिशर मेडल’ वेळेच्या मर्यादेत अंतर पुरे करणाऱ्या प्रत्येकाला मिळते. चौगुलेंच्या काळी अशी कल्पनाच नव्हती.

साताऱ्याची गोष्ट निराळी. तिथल्या हौशी धावपटूंनी २०१२ साली सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू केली. त्याच वर्षी कास पठाराचा समावेश असलेला पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला. शर्यत शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढते, कासच्या रस्त्याने पुढे जाते आणि आल्या वाटेने परतते. काळ सप्टेंबरचा, म्हणजे धुके, भुरभुर पाऊस आणि रस्त्याकडेला रानफुले. पहिला निम्मा भाग जवळपास सगळा चढाचा असल्याने नवखा तिथे दमतो, आणि परतीच्या उताराला आपण सुटलो असे त्याला वाटते. खरे नुकसान उतारावर होते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात, त्यांत सूक्ष्म इजा होते आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरणे मुश्कील होते. साताऱ्यात धावलेले लोक सोमवारी रेलिंगला धरून तिरके उतरताना ओळखू येतात. तरीही नोंदणी सुरू होताच भरते. ढोल, लेझीम आणि रस्त्याकडेला उभे राहून टाळ्या वाजवणारे गावकरी हे या शर्यतीचे आकर्षण आहे.

स्त्रियांचा प्रवेश हा या इतिहासातला आणखी उशिराचा टप्पा. ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन १९८४ साली आली, पुण्याची शर्यत सुरू झाल्यानंतर. २०१२ मध्ये मिलिंद सोमण आणि रीमा संघवी यांनी मुंबईत केवळ स्त्रियांसाठी पिंकेथॉन सुरू केली. तीन किलोमीटरपासून एकवीसपर्यंतचे गट तीत ठेवले गेले. काही जणी साडी नेसूनच धावल्या. ज्यांनी शाळा सुटल्यानंतर धावणेच सोडले होते अशा चाळिशी-पन्नाशीतल्या अनेकींची पहिली शर्यत ही ठरली.

हौशी गर्दी शहरांतून येत असली तरी महाराष्ट्राचे नामांकित धावपटू दुष्काळी आणि आदिवासी भागांतून आले. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या आणि रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचल्या. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे यांनी २९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे पळणारी मुले त्यांच्याच वाटेवर आहेत. या मुलांसाठी धावणे नोकरीचा मार्ग आहे. मोठ्या शहरातल्या शर्यतीचे शुल्क, प्रवास, एक मुक्काम आणि चांगले बूट यांचा खर्च त्यांना परवडत नाही. बरेचसे नवखे हे पगारदार असण्याचे कारण तिथे आहे.

करोनामुळे २०२१ आणि २०२२ च्या जानेवारीत मुंबईची शर्यत झाली नाही. १५ जानेवारी २०२३ रोजी ती परतली आणि त्यानंतर सर्व गटांत मिळून पन्नास हजारांहून अधिक लोक तीत भाग घेत आले आहेत. पूर्ण मॅरेथॉनसाठी आधीच्या शर्यतीचे टायमिंग सर्टिफिकेट मागण्याची पद्धत रूढ झाल्याने अर्धमॅरेथॉन ही पुढच्या अंतराची पायरीही बनली. मराठीत ‘मॅरेथॉन’ या शब्दाचा अर्थ मात्र सैलच राहिला आहे. तालुक्याच्या गावी पाच किलोमीटरच्या शर्यतीच्या फलकावरही ‘भव्य मॅरेथॉन’ असेच लिहिलेले असते, आणि पुष्कळ धावपटूंची पहिली शर्यत तीच असते.